पिसारोचे शेत

रविवार पुरवणीतील एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांवरील लेख वाचला. ‘या चित्रकारांना खेडे फक्त सहलीपुरते दिसले’ हे विधान रेन्वारबाबत एक वेळ चालेल; कामीय पिसारोबाबत मुळीच नाही. तो पॅरिसजवळच्या पोंतवाझ गावाच्या शेतीच्या परिसरात वर्षानुवर्षे राहिला. त्याचे १८७३ मधील गोठलेल्या दवाचे चित्र पाहावे. पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन, काठी टेकत एक म्हातारा चालला आहे. नांगरलेल्या रानावर लांब सावल्या पडल्या आहेत, पण झाडे चौकटीबाहेरच! १८७४च्या पॅरिसमधील प्रदर्शनात लुई लरॉय या टीकाकाराने याच नांगरटीला मळक्या कॅनव्हासवरची रंगांची खरवड म्हणून हिणवले होते. लेखासोबतची सर्व चित्रे नौकाविहाराचीच होती. निदान एक तरी शेत छापायला हवे होते.

– एक वाचक, सांगली