बाथरूमची गळती: फरशा बदलल्या, पाणी थांबले नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉटरप्रूफिंगचे काम करूनही गळती सुरूच असल्याबाबत

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात आपल्या कंपनीने आमच्या डोंबिवलीच्या घरातील बाथरूमचे वॉटरप्रूफिंग केले. आम्ही सगळे पैसे चुकते केले. आज खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी पूर्वीइतकेच ठिबकते आहे. त्यांच्या छताचे पोपडे सुटले आहेत आणि अंघोळीला जाताना त्यांना डोक्यावर पंचा घ्यावा लागतो. त्या आम्हाला एका शब्दाने बोलत नाहीत, पण जिन्यात समोर आल्या की माझी मान खाली जाते.

काम कसे झाले ते सांगते. आपल्या माणसांनी आल्याबरोबर फरशी फोडली. पाणी नक्की कुठून जाते हे कोणीही तपासले नाही. कोबा घातला, केमिकलचे हात मारले आणि दुसऱ्याच दिवशी वर टाइल्स बसवल्या. टाइल्स लावण्याआधी नहाणी ट्रॅपचे (बाथरूमचे पाणी जिथून खाली पाइपात जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड बंद करून पाणी तुंबवायचे, निदान २४ तास ते तसेच ठेवायचे आणि खाली ओल येते का ते बघायचे, ही या कामातली साधी रीत आहे. मी तसे सुचवले, तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "गरज नाही मॅडम, आमचं केमिकल आहे."

पावसाळ्यात पुन्हा फोन केले. दर वेळी "उद्या माणूस पाठवतो" हेच उत्तर. शेवटी जे आले ते छताकडे बघून म्हणाले, "जुनी बिल्डिंग आहे, कुणाचं टिकतं, कुणाचं नाही. नशिबाचा भाग असतो." हे वाक्य मला फार लागले. आम्ही पैसे कामाचे दिले होते.

नशिबाने साथ दिली ती वेगळ्याच ठिकाणी. शेजाऱ्यांकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या एका प्लंबरला मी सहज विचारले. त्यांनी ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून बाथरूमभर पाणी तुंबवून ठेवले. खाली एक थेंबही वाढला नाही. मग बोळा काढून ट्रॅपमध्ये निळीचे पाणी ओतले. थोड्याच वेळात काकूंच्या छतावर निळा डाग उमटला. म्हणजे फरशीत दोष नव्हताच, ट्रॅप आणि पाइप यांचा जोड गळत होता. त्या गृहस्थांनी या तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. हीच तपासणी आपल्या माणसांनी सुरुवातीला केली असती, तर आमची चांगली फरशी फुटली नसती.

आता आपले कार्यालय म्हणते, वॉरंटी केमिकलची आहे, प्लंबिंगची नाही. आपल्या कोटेशनवर कामाचे वर्णन "बाथरूमची गळती बंद करणे" असे लिहिले आहे. त्यात केमिकलचे नाव नाही आणि प्लंबिंग वगळल्याचा उल्लेखही नाही. गळती बंद झालेली नाही, म्हणजे काम झालेले नाही. मला तरी यात दुसरा अर्थ दिसत नाही.

आपण ट्रॅपचा जोड स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा. त्यासाठी ज्या टाइल्स फुटतील त्या जागी त्याच रंगाच्या बसवाव्यात आणि काकूंच्या छताचे प्लास्टर व रंगकाम करून द्यावे. टाइल्स लावण्यापूर्वी पाणी तुंबवून चाचणी आमच्या व काकूंच्या समोर घ्यावी आणि ती झाल्याचे लिहून द्यावे. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागेन. त्यासाठी २ वर्षांची मुदत असते, आणि ती अजून उलटलेली नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(सदनिकाधारक, डोंबिवली पूर्व)

सोबत: कोटेशन व पावतीची प्रत, वॉरंटी कार्ड, छतावरील निळ्या डागाचे फोटो, काकूंचे सहीचे पत्र