हिरा ओळखला कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या चौकटीत नरतुरंग तारकासमूहातल्या 'आकाशातल्या हिऱ्या'चं वजन कॅरेटमध्ये छापलं आहे: एकावर चौतीस शून्यं. करमणूक झाली. पण सुमारे 50 प्रकाशवर्षांवरच्या, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या श्वेत बटूच्या (इंधन संपून आकसलेल्या, निवत चाललेल्या ताऱ्याच्या) पोटात काय आहे हे कळलं कसं, यावर एक ओळही नाही.

माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. आवाज बद्द आला की ठेवला परत. बीपीएम 37093 नावाचा हा तारा वाजवावा लागत नाही, तो आपणहून हलत असतो. पृष्ठभाग कुठे जरा तापतो, कुठे निवतो आणि साधारण दहा-दहा मिनिटांच्या आवर्तनांनी तेज किंचित कमीजास्त होतं. आवर्तन एक नसतं, एकात एक मिसळलेली अनेक असतात. गाभा गोठून स्फटिक झाला, म्हणजे तुमचा 'हिरा' झाला, की या हलण्याच्या लाटांना त्यात शिरता येत नाही. मग लागोपाठच्या आवर्तनकालांतला फरक वाढतो, आणि किती गाभा गोठला याचा अंदाज त्या फरकावरून बांधतात.

यात दिवस आडवा येतो. एका वेधशाळेत उजाडलं की नोंदीत खंड, आणि खंड पडला की नसलेली आवर्तनं दिसू लागतात! म्हणून टेक्सासच्या नेदर आणि विंगेट या खगोलशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये जगभरच्या दुर्बिणी एका ताऱ्यावर पाळीपाळीने लावायची योजना सुरू केली. पुढच्याच वर्षी पीजी 1159-035 या ताऱ्याची शंभरावर आवर्तनं हाती लागली. त्या कामात आपल्या इस्रोचे शास्त्रज्ञही होते. चौकटीत छापण्याजोगं खरं तर हे होतं. नरतुरंगातल्या ताऱ्याची पाळी 1998 आणि 1999 मध्ये आली.

आता चौकटीतल्या 'संपूर्ण हिरा' या शब्दांविषयी. 2004 मध्ये एका गटाने सुमारे 90 टक्के भाग गोठल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाचा हिशेब 32 ते 82 टक्के असा आला. शिवाय गाभ्यात कार्बनबरोबर ऑक्सिजनही आहे, म्हणजे सराफाकडचा हिरा तो नव्हेच. आणि कॅरेट 0.2 ग्रॅमचा धरून मी गुणाकार केला, तर तुमचा आकडा अख्ख्या सूर्याएवढा भरला. तारा आहे सूर्याच्या 1.1 पट. म्हणजे तुम्ही 90 टक्क्यांचाच अंदाज धरला आहे; दुसऱ्या गटाच्या हिशेबाने पाहिलं तर न गोठलेला भागही हिऱ्यातच तोलला गेला.

आपला,
एक वाचक, मिरज