मींड घेणारा पृष्ठभाग

मा. संपादक,

सिंथेसायझरचा आवाज निर्जीव असतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण दोष ध्वनीचा नसून पट्ट्यांचा आहे, असे संवादिनी वाजवणाऱ्या मला फार दिवसांपासून वाटते. पट्टी दाबली की स्वर ठरतो आणि दोन स्वरांमधली वाट, जिथे आपली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, वसते, ती बंदच राहते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने संवादिनीवर घातलेल्या बंदीमागे हीही एक तक्रार होती.

अमेरिकेत लिपोल्ड हाकेन यांनी घडवलेल्या आणि ए. आर. रहमान यांनीही वाजवलेल्या कंटिन्युअम या इलेक्ट्रॉनिक वाद्यात पट्ट्याच नाहीत. त्याच्या मऊ, सलग पृष्ठभागावर बोट डावी-उजवीकडे सरकवले की स्वराची उंची बदलते, दाब वाढवला की सहसा आवाज वाढतो आणि बोट पुढे-मागे नेऊन स्वराचा पोत बदलता येतो. तेही प्रत्येक बोटाला स्वतंत्रपणे. मात्र सुरेलपणाची सारी जबाबदारी, सारंगीप्रमाणेच, वादकाच्या कानावर येते, आणि मला तेच मोलाचे वाटते.

२०१८ साली मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संकेतप्रणालीत प्रत्येक बोटाच्या हालचाली स्वतंत्रपणे पोचवणारे 'एमपीई' हे प्रमाण स्वीकारले गेल्यामुळे इतर स्पर्शसंवेदी वाद्यांनाही हे साधते. आपल्या संगीत विद्यालयांनी असे किमान एक वाद्य विद्यार्थ्यांना हाताळू द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संवादिनीवादक, मिरज