रविवारपासून मुलांसोबत लिहायला बसायचंय

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ९.३० वाजता दापोलीच्या आपल्या वाचनालयात नववी-दहावीची मुलं येतील. पुढचे तीन दिवस शाळा सुटल्यावर, ५.३० ला. कुणी नापास झालंय, कुणाचे वडील सतत बोटीवर, कुणी नुसतंच गप्प झालंय. आधी एक कविता वाचू, मग लेखन. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात होतं तसंच: सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनात सलतं ते.

- शुद्धलेखन तपासू नका. लाल पेन घरीच ठेवा.
- वही मुलाची. न विचारता उघडायची नाही.
- आपणही सोबत लिहायचं. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.
- कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर ते गुपित ठेवू नका, लगेच मला सांगा. टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन): १४४१६.

शुक्रवारपर्यंत नाव कळवा.

– कार्यवाह