ते गाणं किंग्समेनचं नव्हे, रिचर्ड बेरीचं

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या वडगावातल्या पोरांच्या बँडवर अर्धं पान आलं, तेही फोटोसकट, बघून बरं वाटलं, नाहीतर आमच्या भागाचं नाव पेपरात येतं ते गटारीचं पाणी घरात शिरल्यावर. पण त्यात खाली एक ओळ छापलीय की पोरांनी 'अमेरिकेच्या किंग्समेन बँडचं लुई लुई' वाजवलं. आणि मग बुधवारी टिळकवाडीच्या एका वाचकांचं पत्र, की दुसऱ्याचं गाणं वाजवण्यात कसली आलीय कला, ही तर उचलेगिरी. दोन्हीवर बोलायचं आहे म्हणून लिहायलोय. पत्र लांबलं तर कापा, पण बेरीचं नाव तेवढं कापू नका.

आधी माझं सांगतो. मी बारा वर्षं बेंजो पार्टीत होतो. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, खानापूरकडची लग्नं, निपाणीपर्यंत जायचो टेम्पोतून. त्यात एक तरी गाणं आमचं स्वतःचं होतं का? नव्हतं. कॅसेट लावायची, थांबवायची, परत लावायची आणि बटणांवर सूर शोधायचे. एका कॅसेटची टेप ताणली होती, मुखड्यानंतर सूर जरा खाली घसरायचा, आम्हाला वाटलं चालच तशी आहे, तर ती घसरण आम्ही सात-आठ वर्षं तश्शीच वाजवली आणि लोकं त्याच जागेला शिट्ट्या मारायची! मूळ गाणं पुढं रेडिओवर नीट ऐकलं तेव्हा मलाच ते चुकीचं वाटलं.

म्हणून मंडळाच्या स्टेजवर पोरं वाजवायला लागली तेव्हा मी पुढं जाऊन उभा राहिलो. बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये शटर ओढून प्रॅक्टिस करतात ती. तिकडं अमेरिकेत घरच्या गाडीच्या गॅरेजात वाजवायचे म्हणून नाव पडलं गॅरेज रॉक, आमच्यात गॅरेज म्हटलं की पंक्चर आणि ऑईल, माझ्या शेजाऱ्याला तर शेवटपर्यंत वाटत होतं की पोरं मेकॅनिक आहेत. गाणं सोपं आहे हो, तीन कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे जुडगे), ठेका म्हणजे तीन ठोके मग दोन, परत तीन मग दोन, पहिल्या मिनिटातच माझी बोटं खिशात चालायला लागली. गिटारचा तुकडा संपला आणि गाणारा पोरगा लवकरच तोंड उघडून बसला, अर्धा शब्द म्हणून गप्प, ड्रमवाल्याने दाणदाण करून झाकून घेतलं. नंतर मी त्याला म्हटलं, बाळा, तिथं चुकलास की. तर म्हणतो, "काका, ते मुद्दाम. रेकॉर्डातच हाय ती चूक."

आणि खरंच आहे. एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका छोट्या स्टुडिओत किंग्समेननी हे गाणं केलं, खर्च पन्नासेक डॉलर, माईक इतका उंच टांगलेला की गाणारा जॅक इली मान वर करून ओरडत होता, आणि गिटारचा तुकडा संपल्यावर तो एकदा आधीच शिरला. ती चूक तशीच राहिली आणि रेकॉर्ड बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेलं. शब्द कुणाला धड कळेनात म्हणून लोकांनी आपल्याच मनाने घाण अर्थ काढले, इंडियाना राज्याच्या गव्हर्नरनी रेडिओवाल्यांना हे लावू नका म्हणून सांगितलं, तिकडच्या तपास खात्याने, एफबीआयने, रेकॉर्ड कमीजास्त स्पीडवर फिरवून ऐकलं, आणि एवढं करून निष्कर्ष काय तर काहीच कळत नाही. दुकानाचा बोर्ड कुठल्या भाषेत पाहिजे यावरून भांडणारं आपलं गाव, पण ह्या गाण्यावर स्टेजपुढं मराठी, कन्नड, उर्दूवाले सगळे एकत्र नाचत होते. शब्द कळत नसल्याचा फायदा, दुसरं काय.

पण संपादक साहेब, किंग्समेननी ते लिहिलेलं नाही. लिहिलं रिचर्ड बेरीने, लॉस एंजेलिसचा काळा गायक, १९५७ साली त्याचं स्वतःचं रेकॉर्ड आलं. एक खलाशी बारवाल्याला सांगतोय की माझी पोरगी तिकडं जमैकात वाट बघत्येय, मला निघायला पाहिजे, बस, एवढंच आहे त्यात. घाण काहीच नाही. १९६१ ला टॅकोमाच्या वेलर्स बँडनी ते वाजवलं, ते ऐकून किंग्समेननी, आणि त्याच महिन्यात त्याच स्टुडिओत पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स ह्या बँडनी. बेरीलाही तो ठेका सापडला होता 'रेने टूझे' नावाच्या क्युबन वादकाच्या एका चा-चा-चा नाचाच्या गाण्यात. आता टिळकवाडीच्या वाचकांनी सांगावं, ह्यातलं कोणाकोणाला चोर म्हणायचं? आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, लोकं त्याला कौतुकच म्हणाली.

उचलेगिरी झाली ती वेगळीकडं. बेरीचं लग्न ठरलं होतं, हातात पैसा नव्हता, म्हणून त्याने गाण्याचे हक्क साडेसातशे डॉलरला विकून टाकले. नंतर तेच गाणं जगभर शेकडो बँडनी वाजवलं आणि हा गडी आपल्या गावात गरिबीत. १९८० नंतर कुठं वकिलांच्या मदतीने त्याला पैसे मिळायला लागले, आणि १९९७ ला तो वारला.

पोरांनीही स्टेजवरून 'किंग्समेनचं गाणं' असंच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना तिथंच बोललो. पण बोलताना मलाच कसंतरी झालं, कारण आम्ही ज्या चालीवर लग्नातली तांदळाची पोती कमावली तिचा संगीतकार कोण हे मी बारा वर्षांत एकदाही कॅसेटच्या कव्हरवर वाचलं नव्हतं. आता ती कॅसेटही नाही.

तेव्हा विनंती एवढीच, येत्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापा, 'लुई लुई, गीत-संगीत रिचर्ड बेरी'. कात्रण मी पोरांना नेऊन देतो, शटरच्या आतल्या बाजूला चिकटवतो म्हणालेत.

आपला,
एक जुना बेंजोवाला, वडगाव, बेळगाव