टो बॉलला पट्टा अडकवू नका, हे एक वाक्य छापायला हवं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला, खडतर वाटांसाठी गाडी तयार करण्यावरचा पानभर लेख वाचला. रात्री म्हटलं, जाऊ दे, कशाला लिहायचं. सकाळी ते पान पुन्हा हातात आलं, पुन्हा तोच फोटो दिसला आणि राहवेना.

पानाच्या मधोमध मोठा रंगीत फोटो आहे. वाळूत रुतलेली गाडी, तिला ओढणारी दुसरी गाडी आणि मध्ये ताणलेला पट्टा. ओढणाऱ्या गाडीच्या बाजूचं टोक कुठे अडकवलंय ते नीट बघा. टो बॉलवर! ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर! फोटोखाली मैत्रीबद्दल एक गोड ओळ छापली आहे. लेख लिहिणाऱ्याला, फोटो निवडणाऱ्याला, पान लावणाऱ्याला, कुणालाच हे खटकलं नाही?

ट्रेलर चाकांवर असतो, तो मागून निमूट येतो. त्या गोळ्याची मान तेवढ्याच कामासाठी केलेली असते. रुतलेल्या गाडीचं पोट वाळूला टेकलेलं असतं, चाकांपुढे वाळू साचलेली असते आणि ओढणारा वेग घेऊन हिसका देतो. नायलॉनचा कायनेटिक पट्टा अशा वेळी आपल्या लांबीच्या 20 ते 30 टक्के ताणला जातो. तेवढ्यात गोळ्याची मान तुटली, तर तो सगळा ताण गोळ्याला घेऊन उलटा सुटतो आणि सरळ रुतलेल्या गाडीच्या काचेवर येतो. अशा अपघातांत माणसं गेली आहेत.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. धाकट्या भावाची गाडी कोरड्या नदीपात्रात रुतली होती. मी त्याच्या शेजारच्या सीटवर होते. मी दोनदा म्हटलं, आधी टायरमधली हवा कमी करू या. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं आणि मी ती वाचली होती. बरोबरच्या मंडळींनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. टायर खराब होतील म्हणे. पट्टा काढला, एक टोक आमच्या पुढच्या हुकाला आणि दुसरं त्यांच्या टो बॉलला लावलं. त्यात धोका आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. चाकं फिरतात का ते बाहेरून बघावं म्हणून मी उतरले आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

पहिल्या हिसक्याला गाडी हलली नाही. दुसऱ्याला फटाका फुटावा तसा आवाज झाला. ओढणारी गाडी एकदम मोकळी होऊन पुढे गेली आणि आमच्या गाडीच्या काचेला डाव्या बाजूला मुठीएवढं भोक पडलं. भोवतीची सगळी काच तडकून पांढरी झाली होती. 50 मिलिमीटर व्यासाचा तो लोखंडी गोळा मी बसले होते त्या सीटच्या पाठीत घुसला होता. गादीतला स्पंज बाहेर आला होता. भाऊ स्टिअरिंग धरून तसाच बसून होता, हाक मारली तरी बोलेना.

आणि त्यानंतर आम्ही काय केलं? चारही टायरची हवा 34 वरून 16 पीएसआयवर आणली, चाकांपुढची वाळू फावड्याने काढली, लो रेंज (कमी वेग पण जास्त जोर देणारा गिअर) टाकली आणि गाडी आपली आपण बाहेर आली. अर्धा तासही लागला नाही. हे आधी करता आलं असतं, ते मला आजही सलतं.

हवा कमी केली की टायर रुंद होतो असं बहुतेकांना वाटतं. मुख्यतः त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, भार जास्त जागेवर पसरतो आणि चाक वाळू खणायचं थांबतं. मात्र कमी हवेवर वेग कमी ठेवायचा, वळण झटक्यात घ्यायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा हवा भरायची. म्हणजे लागतात दोनच वस्तू, एक गेज आणि एक छोटा कॉम्प्रेसर. पानभर लेखात या दोन्हींचं नाव नाही. टपावरच्या तंबूला मात्र पाव पान दिलं आहे.

विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रावर, दोन परिच्छेद आहेत. पण विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाच मिळते, वर एकेक थर चढला की ती कमी होत जाते, हे सांगितलेलं नाही. खरेदी करणारा आकडा बघून निर्धास्त होतो. ओढायचं कुठून, तेही नाही. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने पक्का बसवलेला, ओढण्यासाठीच दिलेला हूक पाहिजे. गाडी ट्रकवर किंवा जहाजावर बांधायच्या बारीक कड्या त्या कामाच्या नाहीत. पट्टा हुकाला जोडणाऱ्या लोखंडी कडीवर, म्हणजे शॅकलवर, किती टनांची ते कोरलेलं असतं, कोरलेलं नसेल तर ती वापरायची नाही. पट्ट्यावर मध्ये जड गोणपाट टाकायचं आणि माणसांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट लांब उभं राहायचं. मी त्या दिवशी पाच पावलांवर उभी होते.

स्नॉर्केलचं, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीचं, कौतुक आहे, ते ठीक आहे. इंजिनात पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून स्नॉर्केलचा उपयोग आहेच. पण तापलेला डिफरन्शिअल (चाकांना जोर वाटून देणारी, ऑइल भरलेली गिअरची पेटी) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी ब्रीदरची, म्हणजे त्या पेटीत हवा ये-जा करण्याची, नळी वर नेऊन बांधायची असते. स्नॉर्केल लावून ही नळी विसरलेल्या गाडीचं ऑइल आम्ही बदललंय, दुधाळ झालं होतं. लेखात या नळीचा उल्लेख नाही, आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडवत ओढ्यात शिरणाऱ्या गाडीचा फोटो आहे. पाण्यात आधी चालत जाऊन खोली बघायची असते आणि मग संथ, एकसारख्या वेगाने जायचं असतं.

आता आणखी एक, लिहितेच आहे तर. वजनांचा तक्ता वाळूच्या फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापला आहे. भिंग घेतलं तरी टपावर किती वजन चालतं ती ओळ मला लागली नाही. नेमकी तीच ओळ महत्त्वाची, कारण अनेक गाड्यांना ही मर्यादा 100 किलोच्या आसपास असते. त्यात तंबू, पाण्याचे कॅन आणि जादा चाक वर चढवलं की गाडी उतारावर कलंडायला वेळ लागत नाही. आणि टपावरच्या त्या लाइट बारची शिफारस करताना, समोरून गाडी येत असेल तर तो बंद ठेवा, एवढं तरी लिहायचं. रात्री समोरून असा उजेड आला की मला रस्त्याची कड दिसत नाही, गाडी थांबवावी लागते.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या आठवड्यात त्याच पानावर, तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापा. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत. तो फोटो पाहून कुणीतरी येत्या सुट्टीत टो बॉलवर पट्टा चढवेल, आणि त्या वेळी रुतलेल्या गाडीत कुणीतरी बसलेलं असेल.

आमचा गोळा भावाने टाकू दिला नाही. मान तुटलेली जागा त्यावर स्पष्ट दिसते. दुरुस्तीबरोबर फोटो हवा असेल तर कळवा, त्याच दिवशी पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक