युरिया आधी की पाणी आधी?

संपादक महोदय,

पुणे जिल्ह्यातल्या हवेची चर्चा वाहनांच्या धुरापाशी, फार तर उसाच्या पेटवलेल्या पाचटापाशी (वाळलेल्या पाल्यापाशी) थांबते. खत घातलेल्या मातीतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडला रंग नाही, धूर नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू पृथ्वीचे वातावरण कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो.

हिशेब सोपा आहे. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र (नायट्रोजन) असते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या ढोबळ प्रमाणानुसार त्यातले 1 टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. म्हणजे गोणीमागे सुमारे 325 ग्रॅम वायू, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत 89 किलो. युरिया मातीत विघटित होताना त्यातल्या कार्बनपासून आणखी 33 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळा. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, एकरी सुमारे 160. ते सगळे युरियातून दिले तर पावणेआठ गोण्या होतात आणि दोन्ही मिळून एकरी 940 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास उत्सर्जन. प्रत्यक्षात इंदापूर-बारामती पट्ट्यात कित्येक जण शिफारशीच्या वर जातात, कारण 266 रुपये 50 पैशांची गोणी हे सगळ्यांत स्वस्त खत आहे.

खरी चूक मात्र क्रमात होते. सरीत युरिया फेकायचा आणि मागोमाग पाटाचे पाणी सोडायचे, ही सर्रास पद्धत. सरी तुडुंब भरली की मातीतल्या पोकळ्यांतली हवा हटते. आधीपासून साठलेले नायट्रेट घेऊन जिवाणू प्राणवायूची गरज भागवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. पाणी दिलेच नाही, तर युरिया वरच पडून राहतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या घरात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत अमोनिया उडू लागतो. सरीत वाकल्यावर नाकाला झोंबतो तो वास म्हणजे विकत घेतलेले नत्रच.

खोडव्यासाठी (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकासाठी) कृषी विद्यापीठाने सांगितलेली पहारीची पद्धत यावर उत्तम आहे. पाणी आधी द्यावे, वाफसा येऊ द्यावा, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहू द्यावी. मग बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर पहारीने 15 ते 20 सेंटिमीटर खोल छिद्र घ्यावे, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे, खत घालून मातीने बुजवावे. पहिला हप्ता 15 दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी वाढते, हे मान्य. पण एक इशारा द्यायलाच हवा: गाडलेल्या खताचा अमोनिया उडत नाही, म्हणून नत्र मातीत जास्त उरते. मात्रा कमी केली नाही, तर तेच पुढे नायट्रस ऑक्साइडच्या वाटेने जाते. ठिबक असेल तर छोटे छोटे हप्ते द्यावेत आणि शेवटी थोडा वेळ नुसते पाणी सोडावे. युरियावरचा निंबोळीचा लेप नत्राचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो, थांबवत नाही. त्याच्या भरवशावर हप्ते एकत्र करू नयेत.

खतासाठी मेंढ्या बसवलेल्या शेताचा तर हिशेबच कोणी ठेवत नाही. लेंडीतले नत्र सावकाश सुटते, मुताचे लगेच. जिथे कळप रात्रभर बसतो तिथे ओल आणि नत्र एकाच जागी साचतात. मेंढ्यांचा वाडा रोज हलवावा, कळप उठल्यावर लगेच कुळवाने माती वरवर हलवावी, पाण्याची घाई करू नये. आणि त्या शेताचा युरियाचा पहिला हप्ता माती तपासूनच ठरवावा. तो नेहमीइतकाच टाकला, तर मेंढपाळाला दिलेले धान्य आणि पैसे वाया गेलेच, वर युरियाचेही गेले.

आपल्या शेतीच्या पानावर खतांच्या मात्रा नियमित येतात. प्रत्येक मात्रेपुढे 'वाफशावर, मातीआड' एवढे दोन शब्द आणि माती परीक्षणातले नत्र त्यातून वजा करण्याची सूचना छापावी, ही आग्रहाची विनंती.

— मृदाशास्त्राचे अभ्यासक, पुणे